उपडी पळी

पार्सलावर शिक्का मारता मारता नीरजाने बाजूला ठेवलेल्या फोनकडे पाहिलं आणि पुढचा शिक्का पार्सलावर न पडता तिच्याच डाव्या हाताच्या पंजावर पडला. जांभळ्या शाईत गावाचं नाव, तारीख, सगळं अगदी स्वच्छ उमटलं. कागदावर एरवी इतका चांगला उमटत नाही मेला. खिडकीपलीकडचे गृहस्थ मुलाला मुंबईला कुळथाचं पीठ पाठवायला आले होते. ते म्हणाले, "बाई, आज तुमचीच रवानगी दिसते." नीरजा हसली. हसताना डावा गाल थोडा मागे राहतो हे तिला ठाऊक होतं, म्हणून हल्ली ती हसतानाच मान डावीकडे वळवायची, म्हणजे समोरच्याच्या वाट्याला उजवा गाल यायचा. पोस्टातली शेवटची खिडकीसुद्धा तिने त्यासाठीच मागून घेतली होती. तिथे डाव्या अंगाला भिंत होती. गृहस्थ पावती घेऊन गेले. तिने फोन पुन्हा पाहिला. स्वरूप वकिलांचा निरोप होता. गुरुवारी तुम्ही, मुकुलदादा आणि आजी, तिघांनी ग्राहक आयोगात हजर राहायचं आहे, कंपनीच्या वकिलांना आजींना काही विचारायचं आहे, काळजी नसावी. काळजी नसावी असं वकील आपणहून लिहायला लागला की माणसाने काळजीला लागावं, हे कोर्टाची पायरी न चढलेल्यालाही कळतं. नीरजाने पंजावरचा शिक्का ओल्या स्पंजाने पुसायला घेतला. शाई पसरली, पण निघाली नाही.

आईंना, सासूबाईंना, विचारणार. म्हणजे मिठाचं विचारणार. दुसरं विचारण्यासारखं होतंच काय? बाकी सगळं कागदोपत्री सांगून झालं होतं. दोन वर्षांपूर्वी श्रावणात वाफारा घ्यायचं विजेचं यंत्र, कोरोनानंतर घरोघरी आलेलं ते पांढरं प्लास्टिकचं भांडं, नीरजाच्या तोंडासमोर उसळलं. झाकण उडालं आणि आतलं उकळतं पाणी तिच्या डाव्या गालावर, हनुवटीखाली आणि मानेवर आलं. ती दवाखान्यात होती तेव्हाच नवऱ्याच्या, मुकुलच्या, डोक्यात दाव्याचं आलं. एरवी हा माणूस भाजीवाल्याशी हुज्जत घालणार नाही, पण त्या दिवशी त्याने यंत्राचं खोकं, पावती, उडालेलं झाकण, सगळं एका पिशवीत बांधून कपाटावर ठेवलं. कंपनीने उत्तर दिलं की यंत्रात काही खोट नाही, तक्रारदाराच्या घरच्यांनी त्यात प्रमाणाबाहेर मीठ घातलं. मिठाचा संबंध असा, की त्या यंत्रात वीज पाण्यातूनच जाते आणि पाणी तापतं. पाणी फार गोडं असेल तर वाफ धरत नाही. म्हणून कंपनीच माहितीच्या कागदावर लिहिते, चिमूटभर मीठ घालावे. आयोगाने यंत्र तपासायला धाडलं, तर भांड्याच्या तळाशी मीठ निघालं. चिमटीपेक्षा बरंच जास्त. तरी मुकुलने प्रतिज्ञेवर लिहून दिलं, मी साधं पाणी भरलं. आईंनी लिहून दिलं, कुणीही मीठ घातलं नाही. नीरजानेही तेच लिहून दिलं. आणि सही करताना तिला पक्कं ठाऊक होतं की आपण धडधडीत खोटं लिहून देतो आहोत.

कारण तिने पळी पाहिली होती.

त्या पळीची गोष्ट तिच्या लग्नाइतकी जुनी. नव्याची नवलाई सरायच्या आत एकदा आंजर्ल्याचे पाहुणे जेवायला होते. आमटीत मीठ सासूनेही घातलं आणि सुनेनेही. पाहुणे भिडस्त, त्यांनी भातावर ताक जास्त घेतलं. सासरे, भास्करराव, गप्प जेवले आणि संध्याकाळपर्यंत पाणी पीत राहिले. रात्री झाकपाक करताना ते एवढंच म्हणाले, "दोघींनीही एकेकदा घातलंनीत, तर त्यात बिघडलं काय? प्रेम जास्त झालं." सासूबाई हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नियम घातला. ज्या भांड्यात मीठ पडलं त्याच्या झाकणावर पळी उपडी ठेवायची. सांगायचं नाही, विचारायचं नाही. पळी उपडी असली की मीठ आहे. नसली की घाल. नीरजाला तो नियम मनापासून आवडला. सासरी सगळंच आधीपासूनचं होतं. देव, भांडी, माड, तिखटाचं प्रमाण, कुणी कुठे बसायचं ते. पण उपडी पळी तिच्यासाठी सुरू झाली होती, ती तिची आणि आईंची होती. पुढे सासरे गेले, मुलगी सानवी शिकायला बाहेर पडली, स्वयंपाकघरात दोन वेळा ओटा नवा झाला, पण पळी चालूच राहिली. घरातल्या पुरुषांना तिचा पत्ताही नव्हता. मुकुलला तर पळी आणि डाव यातला फरक आजही सांगता आला नसता. तो उपड्या पळ्या सरळ करून ठेवायचा आणि वर म्हणायचा, मी घरात मदत करतो.

त्या दिवशी रविवार होता. सर्दीने तिच्या कपाळात हातोडे पडत होते. आतल्या खोलीत ती पडून होती आणि बाहेर आई आणि मुकुल यांचं काहीतरी चाललेलं ऐकू येत होतं. ओट्यावर यंत्र ठेवलंय, पाणी भरलंय, बटण तेवढं दाब, असं ओरडून मुकुल बाहेर गेला. थोड्या वेळाने ती उठली. यंत्र ओट्यावर होतं. आई देवघराशी वाती वळत बसल्या होत्या. तिने बटण दाबलं, डोक्यावर टॉवेल घेतला आणि वाकली. टॉवेलाच्या आतला तो काळोख तिला अजून आठवतो. कापराच्या वडीचा वास, प्लास्टिकचा वास, आणि पाण्याचा आवाज. नेहमी ते यंत्र कुरकुरत, गुणगुणत, आळसावत वाफ सोडायचं. त्या दिवशी ते लगेच बोलायला लागलं. किती लवकर आली आज वाफ, असं तिला वाटलं आणि बरंसुद्धा वाटलं. मग तो आवाज चढला. मग आवाज नव्हताच, फक्त पांढरं काहीतरी तोंडावर आलं, आणि ती जमिनीवर होती आणि टॉवेल सुटत नव्हता. आई धावत आल्या. वयाने वाकलेली बाई, पण माठ उचलून आणलान आणि तिच्या तोंडावर, मानेवर ओतत राहिली. ओतता ओतता तोंडाने देवाचं नाव नाही, शिवी नाही, नुसतं, "नीरजा, नीरजा, नीरजा." पाण्यातून नीरजाने उजवा डोळा उघडला. समोर ओटा होता. ओट्यावर यंत्राच्या अगदी शेजारी एक स्टीलचं झाकण पडलेलं होतं आणि त्यावर पळी होती. उपडी.

पाहिलं ते एवढंच, आणि त्यावर तिने दोन वर्षं काढली. आईंचा हात मिठाला किती जड आहे हे तिला ठाऊक होतं. लोणच्याला, खारातल्या कैऱ्यांना, फणसाच्या गऱ्यांना मीठ घालून घालून त्या हाताची चिमूट कधीच राहिली नव्हती; त्यांची चिमूट म्हणजे इतरांची मूठ. माझं डोकं दुखतंय, वाफ लवकर धरू दे म्हणून त्यांनी मायेनेच घातलं असेल, असं ती स्वतःला समजवायची, आणि समजूत पटायचीही. पण सकाळी आरशासमोर गालाला मलम लावताना पटलेली समजूत पुन्हा कुठेतरी निघून जायची. त्यांनी सांगितलं का नाही? नुसतं एकदा म्हणायचं, नीरजा, माझ्या हातून झालं गो. त्यावर मी काय भांडले असते? उलट मीच त्यांना जवळ घेतलं असतं. पण आई बोलल्या नाहीत. दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांनी तिची वेणी घातली, तिच्या उशीचे अभ्रे रोज बदलले, पथ्याचं म्हणून वेगळं शिजवलं, आणि एक दिवस, कसलंही कारण न देता, म्हणाल्या, "आजपासून मीठ तूच घालत जा." त्या दिवसापासून त्यांनी मिठाच्या बरणीला हात लावला नाही. आमटी झाली की हाक मारायच्या आणि बाजूला उभ्या राहायच्या. पळी भिंतीला टांगलेली राहिली. नीरजाने याचा अर्थ एकच लावला. बोलता येत नाही ते माणूस असं करून सांगतं. तिला वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोला, थोडं समाधानही वाटलं. मग त्या समाधानाची लाज वाटली. अशा घरात माणूस हळूहळू पाहुण्यासारखं वागायला लागतं. ती आईंशी फार गोड बोलू लागली होती. पूर्वी दोघी खमंग भांडायच्या.

आणि विचारायचं म्हटलं तर कसं विचारणार? कागदावर सही करणं वेगळं; तोंडावर विचारलं की आईंना खोटं निभत नसे. विचारलं असतं तर हो म्हणाल्या असत्या. मग आपण प्रतिज्ञापत्रावर सही कशी केली असती? आणि दावा गेला उडत, पण ते हो ऐकल्यावर एका ओट्याशी उभं कसं राहायचं? ऐकलं नाही तोवर ते नसल्यासारखंच. कंपनीचा दोष होता, याबद्दल तिला शंका नव्हती. तोंडाजवळ धरायच्या यंत्राचं झाकण नुसतं वर ठेवलेलं, त्याला ना खाच ना कडी, हे काय सांगायला पाहिजे? पण गुरुवारी कुणीतरी काळा कोट घालून आईंना समोर उभं करणार आणि विचारणार, आणि आई हो म्हणणार. सगळ्यांच्या समोर. म्हातारीला उतरत्या वयात आपण सुनेचं तोंड भाजलं असं चारचौघांत कबूल करावं लागणार, आणि नीरजाला तिथे खुर्चीवर बसून ते ऐकावं लागणार. दावा हरण्याची भीती तिला वाटतच नव्हती. भीती होती ती घरी परत येण्याची.

संध्याकाळी तिने आईंना सांगितलं. त्या पडवीत तांदूळ निवडत होत्या. "येते की," त्या म्हणाल्या. "मला कसली भीती? तिथे जिने आहेत का गो फार?" मुकुल म्हणाला, "आई, विचारतील तेवढंच सांगायचं हं." त्यावर आई म्हणाल्या, "न विचारलेलं सांगायला ते काय माझे व्याही आहेत?" मुकुल हसला. नीरजाने सुपातले खडे बघितले. आईंनी निवडलेल्या तांदळात ते बरेच राहिले होते, आणि आईंच्या हातचे तांदूळ एरवी असे नसत. म्हणजे त्याही घाबरल्या होत्या. एकदा वाटलं, आत्ता इथेच म्हणावं, आई, मला ठाऊक आहे, जाऊ दे ते. ओठापर्यंत आलं. तेवढ्यात आईंनी सूप तिच्याकडे सरकवलं आणि म्हणाल्या, "तू बघ जरा. मला दिसेनासं झालंय."

गुरुवारी तिघं रिक्षाने गेली. जानेवारीचे दिवस होते, सकाळची हवा कोरडी होती आणि गाल ताणल्यासारखा झाला होता. आईंनी ठेवणीतलं इरकल नेसलं होतं. आयोगाच्या खोलीत पंखा बंद होता, खिडकीतून आंब्याच्या मोहोराचा वास येत होता आणि समोरच्या टेबलावर, कंपनीच्या वकिलांच्या कागदांशेजारी, तसंच एक यंत्र ठेवलं होतं. नवं कोरं, पांढरं, गुलाबी टोपीचं. नीरजाला त्याच्याकडे बघवेना आणि नजर काढवेना. तिच्या मानेवरची कातडी आपोआप आकसली. इतकं साधं दिसत होतं ते. खेळण्यांच्या दुकानात ठेवलं असतं तर पोरांनी मागितलं असतं. अध्यक्ष बाई होत्या, चष्मा कपाळावर सरकवून वाचणाऱ्या. त्यांनी आईंना खुर्ची द्यायला लावली. कंपनीचे वकील मुंबईहून आले होते. माणूस मऊ बोलणारा होता, आणि तेच वाईट. आरडाओरडा करणाऱ्याला आईंनी चार शब्दांत गार केलं असतं.

"आजी, वाफ धरत नसेल तर यात मीठ घालतात, हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं. तुमच्याच कागदावर आहे."

"बरोबर. मग त्या दिवशी मीठ तुम्ही घातलंत का?"

नीरजाने डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांपुढे ओटा आला, झाकण आलं, पळी आली. तिला वाटलं, आता. आता संपेल. होऊन जाऊ दे, घरी गेल्यावर मीच आधी बोलेन. मनातल्या मनात तिने वाक्य जुळवलंसुद्धा. आणि आईंचा आवाज आला, "मी नाही घातलं."

तिने डोळे उघडले. आई सरळ बसल्या होत्या. हात मांडीवर, स्वस्थ.

"मग सूनबाईंनी घातलं असेल?"

"तिने नाही घातलं," आई म्हणाल्या, आणि त्यांनी पदर सारखा केला.

पदर सारखाच होता. कुठेही ढळला नव्हता. नीरजा त्या हाताकडे बघत राहिली. भास्कररावांना मधुमेह झाल्यावर ते चहाची कपबशी हातात घेऊन विचारायचे, साखर घातलीस होय? आणि आई म्हणायच्या, छे, कुठची, आणि पदर सारखा करायच्या. शेजारच्या कमळाबाई उसनं मागायला आल्या की आई म्हणायच्या, संपलं गो कालच, आणि पदर सारखा करायच्या. आईंना खोटं बोलता येत नाही असं नव्हतं. बोलता यायचं, पण हात गप्प बसायचा नाही. इतकी वर्षं एका घरात राहून हे नीरजाला न कळतं तरच नवल. पहिल्या उत्तराला हात मांडीवर होता. दुसऱ्याला पदराकडे गेला. म्हणजे मी नाही घातलं, हे खरं. आणि तिने नाही घातलं, हे खोटं. म्हणजे आईंच्या मते खोटं. म्हणजे आई मला पाठीशी घालताहेत. म्हणजे ही दोन वर्षं... तिच्या कानात काहीतरी मोकळं झालं, बुडी मारून वर आल्यावर होतं तसं, आणि खोलीतले सगळे आवाज एकदम जवळ आले. आपण उभ्या राहिलो आहोत हे तिला नंतर कळलं.

"आई, मीसुद्धा नाही घातलं!"

"बाई, तुम्हाला कुणी विचारलेलं नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. स्वरूप वकिलांनी कपाळाला हात लावला. पण आई खुर्चीतच वळल्या होत्या आणि तिच्याकडे बघत होत्या.

"तू नाही घातलंस?"

"नाही हो आई. मला वाटलं तुम्ही. झाकणावर पळी होती ना उपडी. यंत्राच्या शेजारी."

"ती कशाला यंत्राची असेल? ती माडाच्या पाण्याची!"

मग अध्यक्षबाईंना कळेपर्यंत बराच वेळ गेला. कसली पळी, कसला माड, त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं, आणि टंकलेखक हात आवरून नुसता ऐकत राहिला. आईंनी सांगितलं ते असं. मिठात घालून ठेवलेले फणसाचे गरे त्या दिवशी भाजीला काढले होते. गरे भिजत घालून त्यांचा खार उतरवावा लागतो. ते खारट पाणी टाकायचं नसतं, माडाच्या मुळात घालायचं; माडाला मीठ मानवतं. म्हणून त्यांनी ते एका पातेल्यात गाळून ठेवलं, आणि नीरजाने चुकून आमटीत ओतू नये म्हणून वर झाकण आणि झाकणावर पळी उपडी. अध्यक्षबाईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि मुकुलकडे पाहिलं. "तुम्ही साधं पाणी भरलं म्हणून लिहून दिलंय. कुठून भरलंत?"

मुकुलचा चेहरा तोवर पांढरा पडला होता. "ओट्यावरच्या पातेल्यातून," तो म्हणाला. "झाकून ठेवलेलं होतं, म्हणून वाटलं, प्यायचं असेल. स्वच्छ होतं अगदी. झाकण उचलून बाजूला ठेवलं. पळीसकट."

"मेल्या मुकुल!" आई म्हणाल्या. आयोगाची प्रतिष्ठा वगैरे त्यांच्या लक्षातही नव्हती. "आणि मी दुसऱ्या दिवशी अर्धं पातेलं माडाला घातलं, तरी माझ्या डोक्यात शिरलं नाही, अर्धं गेलं कुठे!"

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. कंपनीचे वकील उठले आणि अतिशय मऊ आवाजात म्हणाले की मॅडम, हीच आमची बाजू आहे, यंत्रात खारं पाणी होतं हे आता तक्रारदारांच्याच तोंडून आलं. अध्यक्षबाईंनी माहितीचा कागद उचलला, उलटला, सुलटला. "तुम्ही मीठ घाला असं लिहिता," त्या म्हणाल्या, "आणि जास्त पडलं तर झाकण उडेल असं कुठे लिहिलेलं मला तरी दिसत नाही. पाणी कसलं घ्यावं, तेही नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात खाडीकाठच्या विहिरी मचूळ होतात. तिथल्या माणसाने एक चिमूटही न घालता हे वापरलं तर काय होईल?" त्यांनी टेबलावरच्या यंत्राचं झाकण नुसत्या एका बोटाने वर उचललं. ते लगेच निघालं. "घरात माणसं चुका करणारच. तोंडापुढे धरायच्या वस्तूने त्या धरून चालायला नको?" वकील काहीतरी बोलले. बाईंनी ते लिहून घ्यायला सांगितलं आणि निकाल राखून ठेवला. बाहेर पडताना स्वरूप वकील नीरजाला हळूच म्हणाले, "ताई, मला आधी सांगायचंत ना हे पळीचं." तिला एकदम हसू आलं. कुणी मीठ घातलं नाही, असं तिने प्रतिज्ञेवर खोटं लिहून दिलं होतं, आणि ते खरंच होतं. तिने आणि आईंनी अक्षर न अक्षर खरं लिहून दिलं होतं आणि दोघी जणी दोन वर्षं त्या खरेपणाच्या ओझ्याखाली मान खाली घालून फिरत होत्या. शहाणपण म्हणावं ते हे!

मुकुल रिक्षा आणतो म्हणाला आणि रिक्षा फाटकातच उभ्या असताना रस्त्याच्या टोकाला निघून गेला. नीरजा त्याच्या पाठीकडे बघत राहिली. आता याच्यावर रागवावं, असं तिने मनाशी म्हणून पाहिलं, पण राग येईना. मीठ कुणाच्या हातून पडलं हे कळलं होतं, आणि ते कळल्यावर असं लक्षात आलं की आपला राग मिठावर कधी नव्हताच. तो आईंच्या गप्प बसण्यावर होता. आणि आई तर गप्प बसल्या होत्या तिच्यासाठी. तिला धावावंसं वाटत होतं. आवारातल्या कट्ट्यावर आई बसल्या, तिनेही शेजारी बसकण मारली.

"मला वाटायचं तू घातलंस," आई म्हणाल्या. "डोकं ठणकत होतं तुझं. म्हटलं, वाफ लवकर यावी म्हणून घातलंन हिने ओंजळभर, आणि आता आपल्याच हाताने तोंड भाजलं हे कुणापाशी बोलवत नाही. विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस. मग मी त्या कागदावर सही कशी केली असती?"

"आणि मीठ माझ्या हाती का दिलंत?"

"तुला धसका बसेल म्हणून. मिठाला भ्यायला लागलीस तर स्वयंपाक कसा करशील? म्हटलं, रोज घालू दे, भीड चेपेल. मला चैन पडत नव्हती हो. मी शिजवायचं आणि मीठ तू घालायचं, असा कुठे स्वयंपाक असतो?"

नीरजा हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मान कुठे वळवायची हे तिच्या ध्यानातही नव्हतं. आईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, हनुवटीला हात लावून चेहरा स्वतःकडे फिरवला, आणि उन्हात धरून गाल नीट न्याहाळला.

"दुखतं का गो अजून?"

हे सगळ्यांनी विचारलं होतं. मुकुलने, सानवीने, डॉक्टरांनी, पोस्टात खिडकीशी येणाऱ्या अनोळखी बायकांनी. सगळ्यांना तिने एकच उत्तर दिलं होतं, छे, आता काही नाही. आईंनीच तेवढं कधी विचारलं नव्हतं. त्यांनी विचारलं असतं, तर तिलाही उत्तर देता आलं नसतं. हो म्हणायचं, म्हणजे त्यांच्या तोंडावर त्यांच्या हाताचं नाव घ्यायचं. आज त्या हाताखाली गाल होता. छे म्हणायला तिने तोंड उघडलं.

"दुखतं," ती म्हणाली. "थंडीत फार दुखतं, आई. सकाळी ओढतं नुसतं. शेगडीजवळ गेलं की आग होते. आणि कुणी बघत राहिलं की मला रडायला येतं."

"अगो मग बोलली का नाहीस?" आई कळवळून म्हणाल्या, आणि लगेच, दोन वर्षांत पहिल्यांदाच, तिच्यावर खेकसल्या, "एवढं दुखत असून हसत बसतेस ती! सांग आता. काय काय होतं, सगळं सांग."